लिंबातून वीज निघत नाही

लिंबातून वीज निघत नाही. निघत नाही म्हणजे नाही. हे वाक्य मी आमच्या सरांच्या तोंडून इतकं ऐकलंय की सरबताला लिंबू कापतानाही मला ते ऐकू येतं. मग सर आठवतात, सर आठवले की संस्थेचा अध्यक्ष आठवतो, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. गेलेल्या माणसाबद्दल शांतपणे लिहावं म्हणतात. मला नाही जमत. ज्यांना शांतपणे आठवायचंय त्यांनी खुशाल आठवावं.

मी नालासोपाऱ्याच्या एका ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवायचे आणि सर रसायनशास्त्र. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी-शेजारी. सर वसईजवळच्या निर्मळ गावचे, ख्रिस्ती, घरची केळीची आणि फुलांची वाडी. सायकलवरून यायचे. हँडलच्या एका बाजूला डबा, दुसऱ्या बाजूला कापडी पिशवी, आणि पिशवीत स्वतःचा व्होल्टमीटर. कॉलेजचा नव्हे, स्वतःचा. शर्टाच्या खिशात बाकीच्या मास्तरांचं पेन असतं, यांच्या खिशात दोन पट्ट्या असायच्या. एक तांब्याची, एक जस्ताची, मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा आणि वरून रबरबँड. त्या खिशाला कायम हिरवट डाग. त्यांच्या मिसेस म्हणायच्या, "यांना पांढरा शर्ट घेणं मी लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात सोडलं."

हा माणूस कशातही पट्ट्या खुपसायचा. बिंबली, चिंच, टोमॅटो, कॅन्टीनची चटणी, काहीही.

"बाई, डब्यात काय आज?"

"कढी."

"आंबट आहे?"

"आहे."

"मग थांबा, खाऊ नका."

की झालं! वाटीत पट्ट्या, पट्ट्यांना चिमटे, आणि काटा हलला की चेहरा असा काही खुलायचा, वाटावं याला नातवंड झालंय. पुन्हा ती वाटी मला खाऊ द्यायचे नाहीत. "जस्त उतरलंय त्यात," म्हणून सरळ खिडकीबाहेर. माझी कढी! पहिल्यांदा मी कडाडून भांडले. नंतर दोन वाट्या आणायला लागले, एक मला आणि एक शास्त्राला. भाचीच्या लग्नात त्यांनी व्हिनेगर घातलेल्या रश्श्यात पट्ट्या बुडवल्या होत्या. नवऱ्याकडचे लोक टकामका बघताहेत. कोणीतरी विचारलं, "नवरीचा मामा काय करतोय?" तर मिसेस म्हणाल्या, "बघू द्या हो त्यांना. दारू पिऊन पडत नाहीत ना?"

एकदा ते मनवेलपाड्याला माझ्या घरी आले. लोडशेडिंगचे दिवस. वीज कधी जाईल, कधी येईल, देवाला ठाऊक. खिडकीच्या ग्रिलवर सासूबाईंनी टॉर्चचे उतरलेले सेल उन्हात मांडून ठेवले होते. आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येकाच्याच ग्रिलवर असायचे. सरांनी चहाचा कप खाली ठेवला.

"हे काय वाळवण घातलंय?"

"उन्हात ठेवले की चढतात थोडे," सासूबाई म्हणाल्या.

"आजी, सेल म्हणजे पाण्याची टाकी नव्हे! आत वीज भरून ठेवलेली नसते. हा डबा आहे ना, हा जस्ताचा आहे. जस्त झिजतं, झिजताना इलेक्ट्रॉन देतं, समोरचा ते घेतो, आणि ते तारेतून जाताना तुमचा टॉर्च लागतो. देणारा संपला की संपलं. त्याला ऊन दाखवून काय होणार?"

"पण चढतात हो."

"ऊब लागली की उरलंसुरलं जरा जोरात चालतं. नवीन काही येत नाही. आणि फुटले की ग्रिल खाईल ते."

सासूबाईंनी मान हलवली. सर गेल्यावर सेल पुन्हा ग्रिलवर ठेवले. नंतर ते खरंच फुटले, ग्रिलला गंजाचा ओघळ आला, तेव्हा म्हणाल्या, "त्या मास्तराची दृष्ट लागली."

मी भाषेची बाई, मला एका गोष्टीची दुसरीला उपमा दिल्याशिवाय चैन पडत नाही. सरांना उपमेचा भयंकर तिटकारा. मी मुलांकडून शिक्षकदिनाला निबंध लिहून घेतला, त्यात सगळ्यांनी लिहिलं, शिक्षक म्हणजे स्वतः जळून प्रकाश देणारी मेणबत्ती. सरांनी तो गठ्ठा चाळला आणि म्हणाले, "बाई, मेणबत्तीत मेण जळतं आणि ऑक्सिजन लागतो. यातला शिक्षक कुठला?" आता हे लिहिताना तुमच्या मनात येईल की सर म्हणजे जस्त. आणू नका. त्यांना आवडलं नसतं, आणि मलाही आता असल्या गोड गोष्टींचा वीट आलाय.

मला त्यांनी सेल दाखवला तो लॅबमध्ये, दुपारच्या सुट्टीत. दोन काचेची भांडी. एकात बिनरंगी पाणी आणि जस्ताची पट्टी, दुसऱ्यात मोरचुदाचं निळं पाणी आणि तांब्याची पट्टी. पट्ट्यांना तारा जोडून व्होल्टमीटर लावला. काटा ढिम्म.

"का हलत नाही?" त्यांनी मलाच विचारलं.

"मला काय माहीत? बिघडलाय."

मग त्यांनी गाळणकागदाची एक लांब पट्टी मिठाच्या पाण्यात बुडवली आणि एका भांड्यातून दुसऱ्यात अशी ओणवी टाकली. काटा उठला. कागद उचलला, काटा पडला. पुन्हा टाकला, पुन्हा उठला. माझ्या अंगावर काटा आला, खरंच सांगते.

"जस्त इलेक्ट्रॉन देतं आणि स्वतः पाण्यात उतरतं," सर म्हणाले. "ते इलेक्ट्रॉन तारेतून इकडे येतात. निळ्या पाण्यातलं तांबं ते घेतं आणि पट्टीवर येऊन बसतं. पण दिल्याघेतल्याने दोन्ही भांड्यांचा तोल जातो, बाई. इकडे धन जास्त, तिकडे ऋण जास्त. लगेच सगळं अडतं. हे मीठ दोन्हीकडे जाऊन तोल सांभाळतं. म्हणून कागद ओला हवा. कोरडा कागद नुसती शोभा."

"म्हणजे मध्यस्थ," मी म्हटलं.

"उपमा नको. बोट लावून बघा, ओला आहे का."

बोट लावून बघा! हे त्यांचं पालुपद होतं. पुस्तकात काय आहे ते नंतर, आधी काटा कुठे आहे ते सांगा. आणि इथेच सगळ्यांचं बिनसायचं. पुस्तकात त्या सेलचं उत्तर एक पूर्णांक एक व्होल्ट असं आहे. आमच्या लॅबमध्ये जस्त जुनाट, काचसामान विसळायला टँकरचं गढूळ पाणी, मीटर घसरलेला. तिथे काटा एकापर्यंतसुद्धा पोचायचा नाही. पण मुलांची जर्नल्स उघडा, सगळ्यांचं एक पूर्णांक एक! आदल्या वर्षीच्या मुलांची जर्नल्स क्लासवाले जपून ठेवायचे आणि पुढच्यांना उतरवायला द्यायचे. मुलं सकाळी क्लासला, दुपारी क्लासला, कॉलेजात फक्त नाव. अध्यक्षांचा आणि क्लासवाल्यांचा घरोबा होता, त्यामुळे हजेरीही आपोआप लागायची. प्रात्यक्षिकाचे मार्क तर प्रसाद असल्यासारखे वाटायचे. सगळे मूग गिळून बसलेले. एकटे सर लॅबचं दार उघडून, दोन भांडी मांडून वाट बघत बसायचे.

अध्यक्षांशी त्यांचं वाजलं ते विज्ञान प्रदर्शनात. सरांनी मुलांकडून लिंबाचा सेल करून घेतला होता. लिंबात तांब्याची आणि जस्ताची पट्टी, पुढे व्होल्टमीटर. बास. अध्यक्ष आदल्या दिवशी बघायला आला.

"दिवा कुठे आहे?"

"दिवा लागणार नाही, साहेब," सर म्हणाले. "एवढ्याशा लिंबांना ते झेपत नाही. काटा हलतो तो बघा."

"अहो काटा कोण बघतो? दिवा लागला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी दिवा लागला. पाहुणे आले, फीत कापली, लिंबं ओळीने मांडलेली आणि टोकाला इवलासा लाल दिवा. अध्यक्षाने माईक घेतला. "आमच्या मुलांनी लिंबातून वीज काढली! ही वसईची लिंबं आहेत! आता कसलं लोडशेडिंग?" टाळ्या पडल्या. सर गर्दीतून पुढे गेले, टेबलावरची चादर उचलली आणि खाली चिकटवलेले दोन पेन्सिल सेल पाहुण्यांना दाखवले.

"वीज इथून येते साहेब. लिंबातून वीज निघत नाही. लिंबू घेतं. देतं जस्त. आणि इथे तर तेही नाही, इथे नुसती चोरी आहे."

पाहुणे हसले. अध्यक्षही हसला. मी त्याचं हसणं पाहिलं होतं, आणि तेव्हाच मला कळलं की हे प्रकरण आता सरांना भोवणार.

नवं शतक नुकतंच लागलं होतं, त्या वर्षीची बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा. सरांनी काय केलं, तर सगळ्या टेबलांवर सेल मांडून दिला. भांडी बरोबर, पट्ट्या बरोबर, तारा बरोबर. फक्त मधला कागद कोरडा ठेवला. मिठाचं पाणी वाटीत शेजारीच होतं. ज्याला लक्षात येईल त्याने भिजवावा. ज्याला नाही येणार त्याने निदान काटा कुठे आहे ते लिहावं. एवढंच.

सगळ्या वर्गाने लिहिलं एक पूर्णांक एक.

काटा शून्यावर झोपलेला आणि पोरं खाली मान घालून एक पूर्णांक एक लिहिताहेत! एकाने तर सरांना विचारलं, "सर, एक पॉइंट एकच्या पुढे व्होल्ट लिहायचं की नुसतं व्ही?"

एक मुलगी मात्र रडत बाहेर आली. खाडीकडच्या मिठागराच्या गावातली. क्लास लावायची ऐपत नव्हती, म्हणून ती लॅबला यायची. बापाने बजावून ठेवलं होतं, नापास झालीस तर उद्यापासून मिठावर यायचं. कॉरिडॉरमध्ये मी तिला धरलं.

"काय झालं गं?"

"मॅडम, माजा काटा हललाच नाय. मी शून्य लिवलं. समद्यांचं एक पॉइंट एक आलं. मी गेली आता."

"मग तूही तेच का नाही लिहिलंस?"

माझ्याकडे तिने असं पाहिलं की मीच वेडी. "हललाच नाय तर कसं लिवनार?"

सरांनी तिला त्या प्रयोगाचे पूर्ण मार्क दिले आणि बाकीच्यांना भोपळा. झालं! संध्याकाळपर्यंत पालकांची झुंड प्राचार्यांच्या केबिनमध्ये. चोराच्या उलट्या बोंबा कशा असतात ते मी त्या दिवशी पाहिलं. "आमच्या मुलांच्या करिअरशी खेळता?" "फसवून कोरडा कागद देता?" फसवून! काटा समोर होता, बाबांनो, काचेच्या आड होता, कोणी झाकून ठेवला नव्हता! मी हे मोठ्याने म्हटलं, तर प्राचार्यांनी मला बाहेर जायला सांगितलं.

बाहेरून आलेले परीक्षक अध्यक्षांच्याच मर्जीतले. त्यांनी मार्कांचा नवा तक्ता केला. एक पूर्णांक एक बरोबर, कारण पुस्तकात तसं आहे. आणि शून्य चूक. म्हणजे सगळा वर्ग पास, आणि त्या एकट्या पोरीला त्या प्रयोगात काही नाही, म्हणजे ती नापास. ज्या एकीने डोळे उघडे ठेवले तीच!

त्या तक्त्यावर सरांची सही लागत होती. सरांनी नाही म्हटलं. शेंडी तुटो की पारंबी, त्यांची सही आजवर खोट्या आकड्याखाली गेली नव्हती. मग अध्यक्षाने त्यांना एकट्याला बोलावलं. आत काय झालं ते सरांनी मला नंतर निर्मळला, वाडीत, केळीच्या लोंगराला काठीचा टेकू देता देता सांगितलं. मी तिथे भांडायलाच गेले होते.

"तो म्हणाला, तुम्ही सही केली नाही तर तक्ता जाणार नाही. सगळ्यांचा निकाल अडकेल, तिचाही. मी म्हटलं, तिच्या शून्याला पूर्ण मार्क द्या, मी सही करतो. परीक्षक तिथेच बसलेला, तो म्हणाला, एका प्रयोगाची दोन उत्तरं बरोबर कशी? अध्यक्ष म्हणाला, असू देत दोन बरोबर. सर राजीनामाही देणार असतील तर असू देत."

"आणि तुम्ही दिलात?"

"दिला."

"आणि सही?"

"केली."

"त्या सगळ्या खोट्या एक पूर्णांक एकांवर?"

सरांनी काठी नीट रोवली. "तिच्या शून्यावर केली, बाई. बाकीचे त्याच कागदावर होते."

मी काय काय बोलले त्यांना! भेकड म्हणाले. कोर्टात जायचं होतं, पेपरात द्यायचं होतं, आयुष्यभर काटा-काटा करून शेवटी अध्यक्षाचा दिवा लावलात म्हणाले. ते ऐकत राहिले. मिसेस चहा घेऊन आल्या आणि तशाच परत गेल्या. शेवटी सर एवढंच म्हणाले, "कोर्टाचा निकाल लागेपर्यंत ती मिठावर असती." मी आणखी रागावले. निघताना त्यांनी पिशवीत वेलची केळ्यांचा घड घातला. मी तो घेतला, आणि घरी येईपर्यंत रडत होते.

राग अजून गेलेला नाही. अध्यक्षावर तर नाहीच, पण सरांवरही नाही गेला. चांगल्या माणसांनी इतकं स्वस्तात निघून जाऊ नये. ते कॉलेज सोडून गेल्यावर लॅबमध्ये क्लासवाल्यांची बाकं आली. भांडी माळ्यावर गेली. आणि प्रात्यक्षिकाला दरवर्षी सगळ्यांचं एक पूर्णांक एक येत राहिलं, कोणाचा काटा न हलता.

काही वर्षांनी सर वारले. चर्चच्या मागे माती दिली. फुलं त्यांच्याच वाडीतली होती. अध्यक्ष आला नाही. पण महिन्याभराने त्याचा निरोप आला, प्रयोगशाळेला सरांचं नाव द्यायचं ठरलंय, तुम्ही त्यांच्या जवळच्या, दोन चांगले शब्द बोला. निवडणूक जवळ आली होती आणि निर्मळकडची मतं हवी होती, हे मला न सांगताही कळलं. मिसेसनाही बोलावलं होतं. त्यांनी जाऊ नये असं मला वाटत होतं, पण त्या आल्या, सरांचा व्होल्टमीटर घेऊन. काचेच्या कपाटात ठेवायला संस्थेने मागितला होता.

हॉल भरलेला. फोटोला हार. फोटोपुढे टेबल, टेबलावर चादर, चादरीवर ओळीने लिंबं. आणि टोकाला लाल दिवा, लागलेला.

मला वाटलं, मला भास होतोय. मी शेजारी बसलेल्या मिसेसकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले होते.

अध्यक्षाने माईक घेतला. "सर म्हणजे मेणबत्ती! स्वतः जळून यांनी प्रकाश दिला! हा लिंबातला दिवा हीच त्यांना श्रद्धांजली!" टाळ्या पडल्या. मग माझं नाव पुकारलं.

मी माईककडे गेलेच नाही. टेबलाकडे गेले आणि चादर ओढली. लिंबं हॉलभर घरंगळली. दोन पेन्सिल सेल टेबलाखाली चिकटवलेले, कोरे करकरीत. मी ते उपटले. दिवा विझला. कोणीतरी "अहो मॅडम, अहो मॅडम" करत धावलं, मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो जागीच थांबला. पायाशी आलेलं एक लिंबू उचललं. त्यात खोचलेले दोन्ही खिळे लोखंडाचे होते. एक तांब्याचा, एक जस्ताचा, एवढंसुद्धा करायची कोणाला गरज वाटली नव्हती. मिसेसच्या मांडीवरून व्होल्टमीटर घेतला, दोन्ही खिळ्यांना चिमटे लावले आणि मीटर सगळ्या हॉलला दिसेल असा वर धरला. अध्यक्ष हसत होता. तेच हसणं.

"काटा कुठे आहे?" मी विचारलं.

पहिल्या रांगेतले मास्तर आपापल्या चपलांकडे बघत होते.

"मराठीत विचारतेय मी. काटा कुठे आहे?"

मागून, अगदी दाराजवळून, एक बाई उभी राहिली. अंगावर नर्सचा पांढरा गणवेश, ड्यूटीवरून तशीच आलेली. मी तिला चेहऱ्यावरून ओळखलं नाही. आवाजावरून ओळखलं.

"हललाच नाय, मॅडम."